नांदेडच्या दादाजींचे धान आणि आपल्या बांधीतली भेसळ



हलक्या धानाच्या लोंब्या आता वाकायला लागल्या आणि भारी धान निसवतो आहे. वर्षातले हेच दिवस असे असतात की धुऱ्यावर उभे राहून बांधीकडे नुसते पाहिले तरी भेसळ डोळ्यांत भरते. सारे पीक कमरेएवढे आणि त्यात एखादे झाड छातीएवढे. साऱ्या लोंब्या हिरव्या आणि मधेच एक आठ दिवस आधी पिवळी पडलेली. आपण पाहतो, "चालते जी, दोन-चार झाडानं काय होते" म्हणतो आणि घरी जातो. पुढच्या वर्षी त्याच धानातून बियाणे ठेवतो आणि दोन-चाराची वीस-पंचवीस झाडे झालेली असतात.

अशीच एक वेगळी लोंबी १९८३ साली आपल्याच भागात एका माणसाने पाहिली. त्याने ती सोडून दिली नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी रामाजी खोब्रागडे. (मराठवाड्यातले नांदेड नव्हे. बाहेरच्यांना हे दरवेळी सांगावे लागते.) शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकराच्या आसपास. त्या काळी 'पटेल ३' नावाचा धान आपल्याकडे बऱ्यापैकी लावला जाई. त्या बांधीत दादाजींना तीन लोंब्या अशा दिसल्या की दाण्याचा रंग वेगळा, पिवळसर. त्यांनी त्या खुडल्या, पिशवीत घालून जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध वेगळ्या लावल्या. जंगलातून डुकरे येतात म्हणून भोवती काट्या टाकल्या. त्यातून आले ते पुन्हा वेगळे ठेवले, पुन्हा लावले. शिजवून पाहिले तर भात मऊ, दाणा बारीक, चव चांगली. असे पाच-सहा वर्षे चालले.

आता यात शास्त्र काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण "नशिबानं सापडलं" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. धानाचे फूल आपल्याच परागाने फळते, बाहेरचा पराग फार थोडा लागतो. म्हणून वेगळी लोंबी वेगळी काढून लावली तर पुढच्या पिढ्यांतही ती बहुतेक आपल्या वळणाने जाते. पण जी झाडे वळण सोडतात ती दरवर्षी न चुकता उपटावी लागतात. निवड पद्धत म्हणतात ती हीच. संशोधन केंद्रावर हे काम करायला माणसे असतात, रजिस्टर असते, पाण्याची सोय असते. दादाजींकडे दोन डोळे होते आणि एकदा धरलेले काम अर्धवट न सोडण्याचा स्वभाव.

नाव कसे पडले तेही ऐकण्यासारखे आहे. १९९० च्या सुमारास हा धान गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने लावला, पीक भरघोस आले आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याला माल पसंत पडला. नाव विचारले तर नाव कुठे होते? तेव्हा मनगटावर एचएमटी घड्याळ असणे मोठी गोष्ट. लग्नात जावयाला एचएमटी दिले म्हणजे मान राहिला. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिले. पाहता पाहता एचएमटी चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाहेर गेला, दुसऱ्या राज्यांतही पोचला. बाजारात बारीक तांदूळ म्हटले की लोक एचएमटी मागू लागले. ज्याने तो काढला त्याच्या नावाचे एक अक्षर मात्र त्या नावात नव्हते.

याच ठिकाणी मला वाचकांना थोडे थांबवायचे आहे.

दादाजींनी त्या बियाण्याचे काय केले? मागेल त्याला दिले. कुलूप लावले नाही, "आधी कागद कर, मग बी देतो" म्हटले नाही. १९९० च्या दशकात संशोधन केंद्राकडे बियाणे गेले तेही त्यांनी विश्वासाने दिले. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. मूळ निवड आपली असून श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत होती. विद्यापीठाची बाजू अशी की मिळालेल्या मिश्र बियाण्याचे आम्ही शुद्धीकरण केले. दोन्ही बाजू छापून आल्या आहेत, ज्याने त्याने तोलून पाहाव्या. माझे स्वतःचे मत विचाराल तर शुद्धीकरण हे खरेच कष्टाचे काम आहे, ते मी जवळून पाहिले आहे. पण ज्याच्या बांधीतून बी आले त्याचे नाव पहिल्या ओळीत लिहायला शाई फार लागत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. सचोटीचा माणूस म्हणजे तोंड बांधून बसणारा, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. दादाजी गप्प बसले नाहीत. वर्तमानपत्रवाल्यांना सांगितले, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले, जे घडले ते घडले तसे सांगितले. पण राग आला म्हणून बी द्यायचे बंद केले नाही आणि निवडीचे कामही सोडले नाही. एचएमटीनंतर त्यांनी विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चेन्नूर, डीआरके असे वाण काढले. डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी नाव त्यांनी स्वतःच ठेवले, आणि ठीकच केले म्हणायचे.

मान मिळाला, नाही असे नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या काळात. राज्य शासनाने गौरव केला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' या नियतकालिकाने ग्रामीण भारतातल्या उद्यमशील माणसांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. पण घरची परिस्थिती काही त्याने सुधारली नाही. मुलाच्या आजारपणात स्वतःची जमीन विकावी लागली होती, नंतरचे प्रयोग नातेवाइकांकडच्या जमिनीवर झाले. अडचणीच्या वेळी शासनाकडून मिळालेले सुवर्णपदक विकायला काढले तर ते अस्सल सोन्याचे नाही असे निघाले. पेपरांत तेव्हा ते प्रकरण गाजले होते, जुन्या वाचकांना आठवत असेल. ज्या माणसाने आयुष्यभर भेसळ उपटली त्याच्या पदरात भेसळीचे पदक. शेवटच्या काळात अर्धांगवायूने अंथरुण धरले, उपचाराच्या पैशांसाठी मदतीची हाक द्यावी लागली आणि ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

"मंग सायेब, इमानदारीनं राहून भेटलं काय?" असा प्रश्न एका प्रशिक्षण वर्गात मला एका तरुण शेतकऱ्याने सरळ विचारला. मी दादाजींची गोष्ट रंगवून सांगत होतो आणि त्याने मधेच हात वर केला. मला उत्तर सुचले नाही. उगाच काही तरी बोलून वेळ मारून न्यावी असे वाटले, पण गप्प राहिलो. आजही एवढेच सांगू शकतो की पैशाच्या हिशेबात त्यांना काही भेटले नाही, आणि जे झाले ते चांगले झाले असे मी कधी म्हणणार नाही. गरिबीत मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालून "आदर्श" म्हणणे सोपे असते. पण त्या प्रश्नाची दुसरी बाजू मला माझ्याच एका चुकीने दाखवली. ती सांगतो.

दोरी सरकली

नोकरीत नवा होतो. पदविका घेऊन आलो होतो, अंगात उत्साह होता, अनुभव नव्हता. एका गावात धानाच्या पीक कापणी प्रयोगावर मी हजर होतो. (गावाचे नाव घेत नाही. चूक गावाची नाही, माझी आहे.) पीक कापणी प्रयोग म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे, तरी सांगतो. यादीतून शेत निघते, त्या शेतात कोणत्या जागी खुंटी ठोकायची ते आकडे काढून ठरते, तिथून मोजून चौकोन आखायचा, तेवढेच कापायचे, चुरायचे, वजन करायचे. मंडळातल्या सगळ्या प्रयोगांची सरासरी निघते आणि पीक विम्यात नुकसान धरायचे की नाही ते त्यावर ठरते. म्हणजे तेवढ्याशा चौकोनात साऱ्या मंडळाचा हिशेब असतो.

त्या वर्षी पीक मध्यम होते. तुडतुड्याने काही बांध्या जाळल्या होत्या, काही चांगल्या उभ्या होत्या. आकड्याप्रमाणे खुंटी आली ती चांगल्या पिकात. चार पावलांवर तुडतुड्याने बसवलेला पट्टा होता. गावातली मंडळी जमली होती. एक जण हळूच म्हणाला, "सायेब, इतकासा सरकवा जी. गरिबाले दोन पैसे भेटतीन." दुसऱ्याने मान डोलावली. कोणी दमदाटी केली नाही, कोणी पाकीट पुढे केले नाही. चहा तेवढा पाजला होता. मलाही वाटले, सरकारचे जाते काय, कंपनी तर कंपनी, शेतकऱ्याचे भले होते. मी दोरी सरकवली.

पुढे काय झाले? काही नाही. मंडळाची सरासरी जी यायची ती आली, आमच्या एका चौकोनाने तिला धक्का लागला नाही, विम्याचा पैसा त्या वर्षी मिळाला नाही. कोणी तक्रार केली नाही, माझ्यावर कारवाई झाली नाही. मी विसरूनही गेलो.

दोन वर्षांनी त्याच गावात बिनचिठ्ठीचे धान बियाणे विकायला आले. मोकळ्या पोत्यांत, नाव मोठे, भाव कमी, पावती नाही. मी सभा घेतली. घेऊ नका, उगवणीची खात्री नाही, भेसळ निघेल, घसा कोरडा करून सांगितले. मागे बसलेला एक म्हातारा, चांगला शेतकरी, सहज बोलून गेला, "सायेब, तुमची दोरीबी सरकते ना जी." सगळे हसले. मीही हसलो. पण त्या गावातल्या पुष्कळांनी ते बियाणे घेतले आणि बांध्या निसवल्या तेव्हा एकाच बांधीत तीन तऱ्हेचे धान उभे होते. माझे सांगणे खरे होते, पण माझ्या सांगण्याला वजन राहिले नव्हते. ते चार पावलांवर मी स्वतःच टाकून आलो होतो.

दादाजींनी हातात बी ठेवले की घेणाऱ्याने विचारायचे नाही, "अस्सल आहे काय?" कागदाशिवाय, चिठ्ठीशिवाय ते चालायचे. त्या तरुणाला मी आता भेटलो तर एवढे सांगेन. पुरे आहे की नाही ते त्याने ठरवावे.

उसना सातबारा

आता तुमच्याकडे वळतो, कारण नुसते अधिकाऱ्यांच्या चुका छापल्या तर तुम्हाला गोड वाटेल.

धान खरेदीचा हंगाम आला की गावागावांत सातबारा उसना मागणारे फिरतात. गरजवंताचा धान आधी पडत्या भावाने घ्यायचा आणि मग ज्याने धान पिकवलाच नाही किंवा कमी पिकवला त्याच्या सातबाऱ्यावर तो हमीभावाने केंद्रावर घालायचा. सातबारा देणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे. "आपलं काय जाते? कागदच तर देतो," असे म्हणतात. जाते ते असे. तुमच्या नावावर खोटी विक्री नोंदली जाते, खाते तुमचे, सही तुमची, चौकशी आली तर नोटीस तुमच्या घरी. केंद्रावर जागा आणि बारदाना व्यापाऱ्याच्या मालाने अडतो आणि ज्याचा खरा धान आहे तो बंडी नाही तर ट्रॅक्टर उभा करून चार-चार दिवस थंडीत झोपतो. तो तुमचाच भाऊबंद असतो. पड जमिनीवर ई-पीक पाहणीत धान दाखवणे हे त्याच जातीचे काम.

ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक मंडळींनाही दोन शब्द. (पदांची नावे आता बदलली, पण गावात जुन्याच नावाने हाक मारतात.) अतिवृष्टीच्या नाहीतर वाघ-डुकराच्या नुकसानीच्या पंचनाम्यात एक नाव वाढवायला आपल्याला अर्धा मिनिट लागतो. सरपंचाचा शब्द असतो, नात्यातला असतो, कधी खरेच कीव येते. माझा अनुभव असा की पहिले नाव दयेने वाढते, दुसरे भिडेने, आणि तिसऱ्याला आपल्याला विचारतच नाहीत, परस्पर सांगतात. आणि खोटे नाव वाढले की यादीच संशयात येते आणि ज्याची बांधी खरेच वाहून गेली त्याचे पैसे फेरतपासणीत अडकतात. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उघडी लावा. भिडेचा माणूस फळ्यावर नाव यायला स्वतःच कचरतो, हे मी पाहिले आहे.

उघड्यावर कारभार ठेवणे आपल्या भागाला नवीन नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) घ्या. साऱ्यांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही, ही तिथल्या ग्रामसभेची जुनी रीत. २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचा पैसा मोठा असतो आणि मोठ्या पैशाने भलीभली गावे फुटली आहेत. तिथे हिशेब सभेत सर्वांपुढे ठेवायची सवय आधीपासून होती. अधिकार मिळाल्यावर सवय लावू म्हटले असते तर उशीर झाला असता.

बियाणे ठेवणाऱ्यांसाठी

आता कामाचे. ज्यांना घरचे बियाणे ठेवायचे आहे त्यांनी आताच एक चांगली बांधी निवडा. दुसऱ्या वाणाची बांधी लागून असेल तर किमान तीन मीटरचे अंतर सोडून आतले पीक बियाण्याला धरा. भेसळ तीनदा काढायची, निसवण्याआधी, निसवताना आणि दाणा पक्व होताना. उंची, पानाचा रंग, निसवण्याचा दिवस, दाण्याचा रंग आणि कुसळ, यांत जे झाड वेगळे ते मुळासकट उपटून बांधीबाहेर न्या. नुसती लोंबी खुडू नका, खालून फुटवा येतो. बियाण्याचा धान वेगळा चुरा, खळे आधी झाडून घ्या, नवे पोते वापरा. कापणी-मळणीच्या यंत्रातून काढणार असाल तर आधीच्या शेतातला धान यंत्रात राहिलेला असतो, म्हणून पहिली दोन-तीन पोती खायला ठेवा.

पेरणीआधी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया विसरू नका. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, बी ओतून ढवळायचे, वर तरंगते ते पोचट काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. उगवण घरीच तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ऐंशीच्या वर उगवले तर बियाणे चांगले, कमी उगवले तर तसे स्वतःला आणि मागणाऱ्याला खरे सांगा.

विकतचे घेणाऱ्यांनी चिठ्ठी पाहावी. पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट. सत्यप्रत हा शब्द नीट वाचा. यात बाहेरच्या यंत्रणेने तपासणी करून शिक्का दिलेला नसतो, जे लिहिले ते खरे आहे अशी विकणाऱ्याची जबानी असते. म्हणून पावती, पिशवी आणि चिठ्ठी हंगाम संपेपर्यंत फेकू नका, थोडे बियाणेही शिल्लक ठेवा. फसगत झाली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हाच पुरावा लागतो.

आणि "घरचे बियाणे शेजाऱ्याला देता येते काय?" असे पुष्कळ जण विचारतात. येते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकातले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त कंपनीसारखे छाप मारून विकता येत नाही. तुमच्या बांधीत वेगळी लोंबी सापडली आणि ती चार-पाच वर्षे टिकली, तर त्याच कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावाने वाणाची नोंदणीही करता येते. दादाजींनी एचएमटी काढला तेव्हा हा कायदा नव्हता. आता आहे. अशी लोंबी कोणाला दिसली तर खुडण्याआधी खुणेची काडी रोवा, तारीख लिहून ठेवा, फोटो काढा आणि पंचायत समितीत कृषी विभागात येऊन सांगा. कागद भरायला मी बसेन, आणि कागदावर नाव तुमचेच राहील.

यंदाचे कापणी प्रयोग सुरू होत आहेत. माझ्याकडच्या गावांत प्रयोगाची तारीख आणि गट क्रमांक आदल्या दिवशी फळ्यावर लावतो. ज्यांना यायचे त्यांनी यावे. टेप माझ्याजवळ असतोच, तुमचाही आणा.